‘थांब’ म्हणालात की ‘घे’?

नाना,

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले आणि मी अजून मनातल्या मनात तुमच्याशी भांडते आहे. भांडण नेमकं कशाचं, ते मला धड सांगता येत नाही. कधी वाटतं तुम्ही माझ्यावर मोठे उपकार केलेत, कधी वाटतं तुम्ही मला फसवलंत, आणि कधी वाटतं तुमचा यात काहीच दोष नाही, माझीच आठवण कुठेतरी चुकते आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, मीनल, आधी बस, पाणी पी, मग सांग. तर बसले आहे.

तिसऱ्या दिवशी मी जळगावहून धुळ्याला आले. अश्विनीच्या घरी हॉलमध्ये सतरंज्या घातल्या होत्या. तुमचे हात थरथरायला लागल्यावर तुम्ही एका दिवसात काम थांबवलंत आणि लेकीकडे राहायला आलात, त्याला तीन वर्षं झाली. तरी जळगावचे निम्मे डॉक्टर आले होते. मला वाटलं होतं तिथे बसून मी शांतपणे रडेन आणि परत जाईन.

कोपऱ्यात एक पन्नाशीचा माणूस आणि त्याची कॉलेजातली मुलगी बसली होती. अश्विनी म्हणाली, "मीनलताई, ही बाबांची रोहिणी. नशिराबादहून आलेत हे लोक." मला काहीच संदर्भ लागेना. तुमच्या तोंडून हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. मुलगी उठली, माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "मी सरलाची मुलगी."

मला सरला म्हणजे कोण, हे विचारावं लागलं नाही.

मग ती जे बोलली ते ती मला दिलासा म्हणून बोलत होती. नानांनी मला सगळं सांगितलंय, म्हणाली. सिझेरियनच्या वेळी आईचं बीपी खाली होतं, तुम्ही विचारलं घेऊ का, आणि नानांनी ‘घे’ म्हटलं. ती माझी चूक, मीनलची नाही, असं ते नेहमी म्हणायचे. "आम्ही त्यांना कधी दोष दिला नाही मॅडम," ती म्हणाली, "आणि तुम्हाला तर नाहीच."

मी मान हलवली. परत येताना पारोळ्याच्या पुढे मी गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली. कारण नाना, माझ्या आठवणीत त्या दिवशी तुम्ही ‘थांब’ म्हणाला होतात. त्या एका शब्दावर मी अठरा वर्षं काढली आहेत.

आता हे कुणाला पटवून द्यायचं तर तुमची ती ‘थांब’ म्हणायची सवय सांगावी लागेल. माझं हॉस्पिटल सुरू होऊन दुसरं वर्ष होतं तेव्हा तुम्ही माझ्याकडे भूल द्यायला यायला लागलात. दिवसाला चार-पाच हॉस्पिटलं करायचात, स्वतःची बॅग स्वतः उचलायचात, आणि ऑपरेशन थिएटरमध्ये शिरलात की आधी ऑक्सिजनचा सिलिंडर स्वतःच्या हाताने उघडून बघायचात. आमच्या लता सिस्टरने कितीही सांगितलं की मी आत्ताच पाहिलाय, तरी बघायचातच. माझ्या तरुण रक्ताला ते फार संथ वाटायचं.

त्या म्हातारीची केस आठवते? गर्भाशय काढायचं होतं. रात्रीपासून पोटात काही नाही, असं ती मला दोनदा, सिस्टरला तीनदा सांगून चुकली होती. तुम्ही तिच्या खाटेवर टेकलात आणि अहिराणीत गप्पा सुरू केल्यात. शेत किती, म्हैस किती दूध देते, सून कशी आहे. मग सहज विचारलंत, सकाळचा चहा बरा होता का. म्हातारीने लगेच तक्रार केली की सून चहात साखरच घालत नाही. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "थांब. संध्याकाळी बघू." बाहेर तिचे बारा नातेवाईक जमलेले, मला संताप आला होता. भूल दिल्यावर पोटातला चहा छातीत गेला असता तर काय झालं असतं, ते मी शिकले होते, मला सगळं ठाऊक होतं. तरीही संताप आला होता.

आणि सराफ बाजारातलं ते मारवाडी कुटुंब. सुनेच्या सिझेरियनचा मुहूर्त काढून आले होते, मिनिटासकट. सून खोकत होती, अंगात कणकण होती. तुम्ही म्हणालात, आज नाही. आजोबा हात जोडून उभे राहिले. तुम्ही त्यांच्याशेजारी बाकावर अर्धा तास बसलात आणि त्यांच्या सुनेच्या छातीत काय चाललंय ते त्यांना त्यांच्या भाषेत समजावलंत. तिसऱ्या दिवशी, कुठलाही मुहूर्त नसताना, नातू झाला. आजोबांनी पेढे आधी तुमच्याकडे पाठवले, मग माझ्याकडे. मला थोडं लागलं होतं ते. सांगितलं नाही कधी.

पेशंटला टेबलवर घेतल्यावर तुम्ही तिच्या डोक्याशी बसायचात, कपाळावर हात ठेवायचात, आणि काम संपेपर्यंत बोलत राहायचात. खेड्यावरची असली की म्हणायचात, "भिऊ नको बहीन, मी आठेच शे." इथेच आहे. मी पोट शिवत असताना तुमचं ते गुणगुणल्यासारखं बोलणं कानावर पडत राहायचं आणि माझेही हात स्थिर व्हायचे. याबद्दल मी तुमचे आभार मानायला हवे होते. तुम्ही फक्त तिच्यासाठी बोलत नव्हतात असं आता वाटतं. पण हेही माझंच वाटणं.

आता तो दिवस सांगते. तुम्ही चुकेल तिथे टोकायचात, आज टोकणार नाही, म्हणून जपून सांगते.

भर दुपार होती, बाराच्या सुमाराची. सरलाला दुसरीकडून माझ्याकडे पाठवलं होतं. पहिलटकरीण, कळा देऊन देऊन थकलेली, आणि बाळाचे ठोके उतरत चाललेले. नवरा सुभाष डाळमिलमध्ये कामाला. दोघं मूळचे साक्रीकडचे, म्हणजे तुमच्याच मुलखातले. तुम्ही दुसऱ्या हॉस्पिटलमधून दहा मिनिटांत पोचलात. तिला कुशीवर वळवून पाठीत इंजेक्शन दिलंत. पाठीतल्या इंजेक्शनने बाईचा रक्तदाब खाली येतो, तो औषधाने वर आणावा लागतो, मिनिट-दोन मिनिटं जातात. हे रोजचं होतं. त्या दिवशी तो जरा जास्तच खाली आला. तुम्ही औषध भरत होतात. मी हातात सुरी घेऊन उभी होते. लता सिस्टरने पोटाला यंत्र लावून ठोके मोजले आणि म्हणाली, सत्तर. हवे होते त्याच्या निम्मे.

मी विचारलं, "घेऊ का नाना?"

तुम्ही म्हणालात, "थांब. दोन मिनिटं."

आणि मी थांबले नाही. सत्तर ठोक्यांवर दोन मिनिटं म्हणजे काय, ते मला दिसत होतं. मी घेतलं, पोटावर सुरी चालवली. बाळ बाहेर आलं तेव्हा निळं होतं, मग रडलं. मुलगी होती. मी वार काढली, गर्भाशय शिवायला लागले, आणि तुमचं बोलणं थांबलं. त्यावरून मला कळलं. तिला श्वास घेता येत नव्हता. तुम्ही नळी घातलीत, मी छाती दाबली, लता सिस्टरने दाबली, परत मी. पाऊण तास. मग तुम्ही माझ्या मनगटाला धरून मला थांबवलंत.

पुढे आपण दोघांनी एकच कारण लिहिलं. गर्भजल आईच्या रक्तात गेलं असावं. पुस्तकात त्याला नाव आहे, ते कुणाच्या हातात नसतं, आणि दोन मिनिटं थांबून ते टळतं असं कुठलंही पुस्तक म्हणत नाही. मी सगळी वाचली. पण घरच्यांनी चिरफाड करू दिली नाही, म्हणून तेच कारण होतं हेही कुणी छातीठोक सांगू शकत नाही. थकलेलं शरीर, पडलेला रक्तदाब, त्यात माझी घाई, असंही असू शकतं. दहा दिवस एक पटायचं, अकराव्या दिवशी दुसरं.

बाहेर तिची माणसं होती. कुणीतरी दार ठोठावत होतं. सांगायला जायचं काम माझं होतं, पेशंट माझी होती. तुम्ही हातमोजे काढलेत आणि म्हणालात, "तू शिवून घे. मी बोलतो." शिवणं आता नंतरही झालं असतं नाना. तुम्हालाही ते दिसत होतं. तरी मी आत राहिले. तुमच्या पाठीमागे दार लागलं आणि मी सुईत दोरा ओवत बसले. बाहेर एकदम आवाज चढला, मग बाईचं रडणं, मग बराच वेळ काही नाही. तुम्ही काय सांगितलंत ते मी विचारलं नाही. मी मागच्या जिन्याने घरी गेले.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्यानंतर महिनाभर मी केस घेतली नाही. मग एके दिवशी तुमचा फोन, उद्या मी नऊ वाजता मोकळा आहे, तुझ्याकडे काही आहे का. बस्स. तुम्ही आलात, सिलिंडर उघडून पाहिलात, आणि आपण पुन्हा सुरू झालो. पुढे पंधरा वर्षं.

मी तुम्हाला विचारायचा प्रयत्न दोनदा केला. एकदा चहा पिताना, चार-पाच वर्षं उलटल्यावर. म्हटलं, नाना, त्या दिवशी तुम्ही मला थांब म्हणाला होतात ना? तुम्ही कप खाली ठेवलात, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "पुढची पेशंट आत घे, ती उपाशी आहे." मी त्याचा अर्थ लावला की हो, म्हणालो होतो, पण आता उकरू नको. आता रोहिणीचं ऐकल्यावर वाटतं, तुम्हाला कदाचित कळलंच नसेल मी काय म्हणतेय. कदाचित तुमच्या मनात त्या दिवशी ‘घे’च असेल आणि तुम्हाला वाटलं असेल, ही पोरगी आता मला टोचतेय.

दुसऱ्यांदा या हिवाळ्यात, फोनवर. तुमचा आवाज खोल गेला होता. म्हटलं, नाना, एक विचारायचं होतं. तुम्ही म्हणालात, विचार. मी विचारलं, "भरीत खाता का अजून?" तुम्ही हसलात, म्हणालात अश्विनी तिखट घालू देत नाही. तेच आपलं शेवटचं बोलणं. आयुष्यभराचा प्रश्न गिळून मी तुम्हाला वांग्याबद्दल विचारलं.

धुळ्याहून आल्यावर मी कपाटातून ती जुनी झेरॉक्स काढली. तुमच्या तिरक्या अक्षरातला भुलीचा कागद. वेळा आहेत, रक्तदाबाचे आकडे आहेत, औषधं आहेत, ऑपरेशन सुरू झाल्याची वेळ आहे. कोण काय म्हणालं ते कागदावर कुठे असतं? मग मी लता सिस्टरला फोन केला, त्या आता भुसावळला मुलाकडे असतात. त्यांना सगळं लख्ख आठवत होतं, सरलाच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांसकट. मी विचारलं, नाना थांब म्हणाले की घे म्हणाले? त्या म्हणाल्या, "काहीच नाही म्हणाले मॅडम. तुम्ही विचारलंत, पण ते तिच्याशी बोलत होते. त्यांना ऐकूच गेलं नसेल."

म्हणजे तीन माणसं आणि तीन दिवस. माझा एक, तुमचा एक, सिस्टरचा एक.

तुम्हाला कळतंय का मी कुठे येऊन अडकले आहे? तुम्ही खरंच ‘घे’ म्हणाला असाल, तर मी अठरा वर्षं नसलेलं ओझं वाहिलं, आणि तुम्ही माझ्याशेजारी बसून चहा पीत ते बघत राहिलात. तुम्ही ‘थांब’ म्हणाला असाल, तर तुम्ही माझी चूक स्वतःच्या नावावर लावून घेतलीत, मला न विचारता. आणि सिस्टरचं खरं असेल, तर तुमच्या तोंडी तो शब्द मीच घातला, कारण तुम्ही नेहमी तोच म्हणायचात. तिन्हीतलं कुठलं बरं, हेही मला ठरवता येत नाही. तुम्ही मला वाचवलंत म्हणावं, तर ज्या दारातून मी बाहेर जायला हवं होतं ते तुम्ही माझ्यासाठी कायमचं बंद केलंत. तुम्ही नशिराबादला जात राहिलात, मला एकदा तरी म्हणायचं होतं, चल माझ्याबरोबर. मी आले नसते कदाचित. पण म्हणायचं होतं.

रविवारी मी नशिराबादला गेले. एकटी. अश्विनीकडून पत्ता घेतला.

सुभाषभाऊंनी खुर्ची दिली, स्वतः पायरीवर बसले. रोहिणी दाराला टेकून उभी. सुभाषभाऊ तुमच्याबद्दलच बोलत होते. नाना पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना घरात घेतलं नव्हतं, म्हणाले. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा पोरीला ताप होता, म्हणून घेतलं. मग येतच राहिले. तिची शाळा, तिचे दात, तिची बारावी. सरलाचा विषय ते स्वतःहून काढायचे नाहीत, पोरीने विचारलं तर सांगायचे.

मी म्हटलं, मला एक सांगायचंय. आणि सांगितलं. माझ्या आठवणीत नाना ‘थांब’ म्हणाले होते आणि मी थांबले नाही. ते तुम्हाला वेगळं का सांगत आले मला माहीत नाही. सिस्टर म्हणतात ते काहीच बोलले नाहीत. मला एवढंच नक्की माहीत आहे की सुरी माझ्या हातात होती, आणि बाहेर येऊन तुम्हाला सांगायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही.

सुभाषभाऊ पायरीच्या फरशीवर बोट फिरवत होते. मग रोहिणीने विचारलं, "थांबला असता तर?"

मी म्हटलं, आई वाचली असती असं मी सांगू शकत नाही. तू गेली असतीस असंही नक्की सांगू शकत नाही. तेव्हा मला तसं वाटलं होतं.

ती आत निघून गेली. मला वाटलं आता उठावं. सुभाषभाऊ मान वर न करता म्हणाले, "बसा मॅडम. ती येईल." थोड्या वेळाने म्हणाले, "मना काय, मनी बायको गई. कोन काय बोलनं, तेन्हा मी आता काय करू?" कोण काय बोललं त्याचं ते आता काय करणार? त्यात राग होता की सुटका, मला कळलं नाही. दोन्ही असेल. मला बोलायची आता काही घाई नव्हती. मी बसले.

रोहिणी परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. तिने मला आणखी एकच विचारलं. नाना सांगायचे, जन्मल्यावर मी रडले तेव्हा आईने विचारलं, रडलं का? आणि ते म्हणाले, रडलं ना, ऐक. मग आई हसली. हे तरी खरं आहे का?

नाना, मी तिथे होते, हातभर अंतरावर होते, आणि मला माहीत नव्हतं. तुम्ही तिच्या डोक्याशी होता. मधे तो हिरवा पडदा होता. पडद्याच्या माझ्या बाजूला फक्त पोट होतं, तुमच्या बाजूला चेहरा. टेबलवर घेण्याआधी मी तिला तपासलं होतं, म्हणजे तोंड पाहिलंच असणार, पण मी ठोके मोजत होते. अठरा वर्षं मी जिच्याविषयी स्वतःला रोज जाब विचारला, तिचा चेहरा मला आठवत नव्हता.

मी रोहिणीला तेच सांगितलं. म्हटलं, आई हसली का ते मला दिसलं नाही. ते फक्त नानांना माहीत. तू रडलीस हे मात्र मी ऐकलंय, मोठ्याने रडलीस. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझ्याकडे तिचा फोटो आहे का?"

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. हो म्हणेल की जा म्हणेल, मला सांगता आलं नसतं. मग ती आत गेली आणि भिंतीवरचा फोटो खिळ्यावरून काढून घेऊन आली, ओढणीने काच पुसली आणि माझ्या मांडीवर ठेवला. लग्नातला असावा. रुंद कपाळ, किंचित पुढे आलेले दात, ते झाकायला ओठ मिटलेले, आणि तरी हसू आवरलेलं नाही. वीस-एकवीसची असेल. रोहिणी माझ्या खुर्चीशेजारी खाली बसली आणि फोटोतल्या दातांवर बोट ठेवून म्हणाली, "नानांनी माझे सरळ करून घेतले. आईचे असेच राहिले."

आम्ही दोघी बराच वेळ तिच्याकडे बघत बसलो.